नळावरची माशी

खोली दाखवताना सरांनी मला एकच अट सांगितली. "नळाला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "मग आंघोळ कशी करायची?"

सर गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. प्रश्नच त्यांना कळला नाही. शेवटी सरांच्या पत्नी, काकू, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अवं बाई, पाण्याचा नाई, हा नळ," म्हणत त्यांनी छपरीकडे बोट केलं. छपरीत प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या होत्या. बादल्यांत ओली वाळू, वाळूत खोचलेल्या बारीक बांबूसारख्या काड्या आणि वरून मच्छरदाणीच्या कापडाची झाकणं. तलावाच्या काठाला माणसाहून उंच वाढणारं हे गवत, त्यालाही नळच म्हणतात. मी कापसाच्या मुलखातली. मला नळ एकच ठाऊक, तोटीचा.

कृषी सहायक म्हणून माझी पहिलीच नेमणूक होती. नागभीडजवळचं धानाचं गाव, गावाला लागून तलाव आणि तलावाच्या मातीच्या पाळीखाली सरांचं घर. दुसरी अट मला राहायला आल्यावर कळली. घरात डासांची कॉइल लावायची नाही, अगरबत्ती नाही, धूप नाही. तलावाशेजारच्या घरात! संध्याकाळ झाली की डास असे तुटून पडायचे की जेवताना एक हात सतत पायावर. काकूंनी यावर करंजाच्या तेलाचा उपाय काढला होता. आम्ही तिघंही करंजाच्या तेलानं माखून बसायचो आणि घराला एक कडवट वास कायमचा राहायचा. पाहुणे आले की काकू आधी तेलाची बाटली पुढे करत, मग पाणी.

"तुमच्या माश्या जगल्या पायजेत म्हणून आमी मरावं का जी?" काकू विचारायच्या.

"डास मारायला माझी ना नाही," सर म्हणायचे. "पण धुराला डास कोणता नि माझी माशी कोणती, एवढं कळत नाही ना."

सर नागभीडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बाहेरच्या माणसाशी पुस्तकी मराठी, घरात आणि रागात झाडीबोली. गावातली पोट्टी त्यांना माशीवाले सर म्हणत आणि सरांना त्यात काही वावगं वाटत नसे. "मग काय हत्तीवाले म्हणतील?" एवढंच.

ती माशी डासाएवढी. नळाच्या कोवळ्या शेंड्यापाशी अंडं घालते. अळी शेंड्यात शिरली की नळाची वाढ थांबते आणि तिथे बोटासारखी एक जाड गाठ धरते. बाहेरून टणक, आत मऊ; अळी नसली की दाबताच चेपणारी. त्या गाठीत अळी महिनोन् महिने राहते, थंडी तिथेच काढते आणि उन्हाची चाहूल लागली की पंख घेऊन बाहेर पडते. सरांनी अशा माश्या किती वर्षं पाहिल्या होत्या ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आपल्या तलावावरची माशी कुठल्याच पुस्तकात नाही, असा त्यांना संशय होता. संशय हा त्यांचाच शब्द. काकू कंटाळून म्हणायच्या, "पोलिसवाले बी इतका संशय ठेवत नाई."

पावसाळ्यात सरांना पाळीवरून येताना बघणं हा गावाचा करमणुकीचा कार्यक्रम होता. हातातली छत्री उलटी, कटोऱ्यासारखी धरलेली, आणि सर स्वतः चिंब. नळ काठीनं झोडपायचा आणि खाली पडणारे किडे छत्रीत झेलायचे, अशी ती रीत. एकदा छत्रीत काही खास पडलं की ती सुलटी करणं शक्यच नसे, मग वरून आभाळ कोसळो. झाकणांची मच्छरदाणी शिवून देणारे सलीमभाई टेलर. हात आत घालता यावा म्हणून सरांनी कापडाला दोन बाह्या लावायला सांगितल्या, तेव्हा सलीमभाईंनी टेप खाली ठेवला आणि विचारलं, "सर, ये कुर्ता पहनेगा कौन? नाप किसका लूँ?" सरांनी गंभीरपणे बादली पुढे केली. सलीमभाईंनी बादलीचं माप घेतलं.

माशी इतकी नाजूक की चिमटा लागला तरी पाय गळून पडतात. ती उचलायला सर काडीच्या टोकाला एक केस चिकटवत. ब्रशचा केस जाड पडतो, डोक्याचा फार लांब. चालतो तो पापणीचा. सरांच्या स्वतःच्या पापण्या विरळ झालेल्या, म्हणून केस काकूंचा. काकू ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत. "लग्नात ह्यायच्या घरच्यायनं काई म्हणजे काई मागतलं नाई. मले वाटलं, किती चांगले लोक! आन् आता हे पापणीचे केस मागून राह्यले." सांगताना चेहरा तक्रारीचा, पण काडीवरचा केस निकामी झाला की त्याच डोळा पुढे करून सरांसमोर बसायच्या. मी ते एकदा पाहिलं. सर श्वास रोखून वाकलेले, काकू डोळा मिटून हसू दाबत असलेल्या. मी चहाचा कप घेऊन मागच्या मागे फिरले.

चामोर्शीला काकूंच्या भाचीचं लग्न होतं, ती गोष्ट तर नात्यागोत्यात अजून निघते. दोघं एसटीनं निघाले. वाटेत कुठल्याशा नाल्याजवळ गाडी थांबली, सर म्हणाले, "आलोच," आणि उतरले. गाडी सुटली तेव्हा काकूंना वाटलं, मागच्या दारानं चढले असतील. लग्न लागलं, जेवणाची पंगत उठत आली, तेव्हा सर मांडवात आले. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यात गवताची कुसळं आणि खांद्यावर नळाची मोळी. नवरदेवाच्या मामाला वाटलं, इकडची काही रीत असेल. त्यानं मोळी आदरानं घेतली, कुंकू लावलं आणि मांडवाच्या खांबाला बांधली. सरांना ती परत मागायचा संकोच वाटला. दुसऱ्या दिवशी मांडव उतरेपर्यंत ते मुक्कामी राहिले. काकू म्हणतात की इतक्या वर्षांत माहेरच्या लग्नात नवरा पूर्ण वेळ थांबला तो तेवढाच.

माझ्या तिथल्या दुसऱ्या पावसाळ्यात धानावर गादमाशी आली.

गादमाशी धानाच्या मुलखाला नवी नाही, पण त्या वर्षी ती फार वाईट आली. हिची अळी धानाच्या रोपात शिरते आणि लोंबीच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी निघते. तिला चंदेरी पोंगा म्हणतात. नाव किती सुंदर! पोंगा आला की त्या फुटव्याला दाणा नाही. देवाजीभाऊंच्या बांध्या, धानाचे बांधलेले तुकडे, तलावाच्या अगदी खाली. भादव्यात मी त्यांच्या बांधावर उभी राहिले तर उन्हात सगळीकडे चांदीच चांदी चमकत होती. देवाजीभाऊ पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. गावात भांडण झालं की दोन्ही बाजू ज्यांच्याकडे जातात, असे गृहस्थ. त्यांनी एक पोंगा उपटला, नखानं चिरला, आतली अळी तळहातावर घेतली आणि मला दाखवली. 

काही दिवसांनी ते माझ्याकडे आले. तळहातावर पुन्हा अळी. "मॅडम, हे कोठली सांगा."

"धानातली."

"नाई जी. हे तलावातल्या नळातली हाये. सर ज्या गाठी नेतात ना, त्यातली एक फोडली."

मला दोन्हींत फरक दिसला नाही. देवाजीभाऊंचं म्हणणं साधं होतं. पावसाळ्यात माशी धानात राहते, धान कापलं की नळात जाऊन बसते. तिचं माहेर नळ. माहेरच जाळलं तर पुढच्या साली येईल कुठून? मला ते पटलं. मी सरांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "अळीवरून नाही सांगता येत. माशी बाहेर पडू द्या."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत देवाजीभाऊंनी विषय मांडला की उन्हाळ्याआधी तलावातला सगळा नळ जाळायचा. कोणी विरोध केला नाही. सरपंचांनी रीत म्हणून सरांना विचारलं, "सर, तुमी इतके साल पाहून राह्यले. नळातली माशी धानात येते का नाई?"

सगळी सभा मागे वळली. सर उठले. पांढरा सदरा, त्यावर झेंडावंदनाची पिन अजून तशीच.

"मले अजून मालूम नाई," सर म्हणाले.

मागून कोणी तरी हसलं आणि सभा उसळली. "आयुष्य गेलं ना माश्यात! आन् मालूम नाई?" "पेन्शन कायची घेता मग?" सर हात वर करून उभेच. "धानातली माशी मी भादव्यातच धरून ठेवली हाये," ते म्हणाले. "नळातली शिमग्यापर्यंत बाहेर पडते. दोघी शेजारी ठेवल्या का सांगतो. तीच असंल तर पहिली काडी मी लावतो."

शिमग्यापर्यंत थांबायचं ठरलं. घरी येताना मी चिडून म्हटलं, "सर, वेगळी आहे म्हणून सांगून टाकायचं होतं. लोकांनी ऐकलं असतं. नळ वाचला असता."

सर चालता चालता थांबले. "आणि उद्या तीच निघाली तर? देवाजीच्या बांधीवर कोणत्या तोंडानं जाऊ?"

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. तो नळ गेला तर त्यांची माशी गेली, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. सांडव्याकडेही नळाचं एक लहान बेट होतं, पण गाठी धरायच्या त्या फक्त पाळीखालच्या मोठ्या बेटात. इतर तलावही त्यांनी पायी पालथे घातले होते. दुसरीकडे त्यांना ही माशी सापडलेली नव्हती.

शिमगा यायच्या आत एका दुपारी धूर दिसला.

मी शेतावरून धावत आले तेव्हा सर पाळीवर बसले होते. खाली मोठं बेट तडतडत जळत होतं. नळाची पेरं फटाक्यासारखी फुटत होती, बगळे उडून वर घिरट्या घालत होते. समोर देवाजीभाऊ, हातात काठी. आपण लावली हे ते लपवत नव्हते.

"सर, माह्यानं थांबवलं नाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज भांडायला तयार असलेल्या माणसाचा होता. "पुढच्या सालीबी पोंगेच पाहायचे का जी? मले घरात बसवेना."

सर काही वेळ जाळाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "देवाजी, काडी लावली तवा वारा कोणीकडून होता?"

देवाजीभाऊंना वाटलं असेल, हा माणूस भ्रमला. "सांडव्याकडं जाऊन राह्यला होता."

"जाळाच्या पुढं बारीक माश्या उडताना दिसल्या का? डासासारख्या?"

"नाई जी. धूरच धूर होता."

"हं," सर म्हणाले आणि पुन्हा बघू लागले. देवाजीभाऊ काठी घेऊन तसेच उभे राहिले. भांडण नाही, शिव्या नाहीत. अशा वेळी काय करायचं हे त्यांना माहीत नसावं. शेवटी तेही पाळीवर बसले, सरांपासून चार हात अंतर ठेवून, आणि जाळ विझेपर्यंत दोघं तिथेच होते.

आता नळातली माशी उरली होती ती फक्त छपरीतल्या बादल्यांत. पौषात कापून आणलेल्या त्या गाठी. काकू सकाळी उठल्या की आधी बादल्यांकडे जायच्या, मग चुलीकडे. एवढी वर्षं ज्यांना शिव्या दिल्या, त्या माश्यांची वाट त्या सरांपेक्षा जास्त बघत होत्या.

एका सकाळी काकूंची हाक आली, "आली वं! आली!" जाळीच्या आतून तांबूस पोटाची, लांब पायांची एक माशी चिकटून बसली होती. नंतर रोज दोनचार. सरांनी त्यांतला एक नर वेगळा काढला. तो मारताना त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. मग काकूंच्या पापणीच्या केसानं त्यांनी तो काचेवर लावला, शेजारी भादव्यातली धानाची गादमाशी, आणि सूक्ष्मदर्शकावर बसले. दिवस गेले. मिशांचे मणी, पंखांच्या शिरा, नराच्या शेपटीकडचे आकडे. बघायचे, डोळे चोळायचे, पुन्हा बघायचे. मलाही दाखवलं. नळातल्या माशीचे आकडे लांब आणि वळलेले, धानातल्या माशीचे आखूड. एकदा दाखवल्यावर दिसत होतं. शिमग्याच्या आदल्या दिवशी सर उठले, टोपी घातली आणि पंचायतीत न जाता सरळ देवाजीभाऊंच्या घरी गेले. मी सोबत होते.

"देवाजी, ते वेगळी हाये," सर अंगणातूनच म्हणाले. "नळातली धानात येत नाई."

देवाजीभाऊ खाटेवरून उठले. "म्हणजे मी उगाच जाळलं," ते म्हणाले.

"उगाच नाई. तुले जे दिसलं त्याच्यावरून बरोबरच होतं. मलेही पटलं असतं." सर खाटेवर टेकले. "पण धानातली माशी कुठं तरी दबा धरून राह्यते ना. बांधावरचं देवधान काऊन ठेवता तुम्ही? आपोआप उगवते म्हणून? आधी ते उपटा. ते धानाच्याच जातीचं हाये. मले तिथी संशय हाये." आणि मग घाईनं, "नुसता संशय बरं का!"

देवाजीभाऊंच्या बायकोनं चहा आणला. सर चहा पीत नाहीत, पण त्या दिवशी प्यायले.

यानंतरची गोष्ट मला नीट समजायला वेळ लागला. सरांनी कलकत्त्याच्या एका तज्ज्ञाला फोटो पाठवले होते. त्यांचा फोन आला तेव्हा मी घरातच होते. माशी नवी दिसते, असं ते म्हणत होते. मात्र नाव द्यायचं तर एका नरावर भागत नाही. नर हवेत, माद्या हव्यात, अळ्या हव्यात. जेवढं असेल तेवढं सगळं स्पिरिटमध्ये घालून पाठवा. सर "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि छपरीत बादल्यांसमोर जाऊन उभे राहिले. आत शे-सव्वाशे माश्या असतील नसतील.

संध्याकाळी, दिवस बुडायच्या सुमाराला, त्यांनी मला बादली उचलायला सांगितली. एक त्यांनी घेतली, एक मी, एक काकूंनी. आम्ही पाळीवरून सांडव्याकडे गेलो, जिथे न जळलेलं ते लहान बेट उभं होतं. सरांनी झाकणाची नाडी सोडली.

"सर, नाव?" मी म्हटलं. "इतकी वर्षं..."

"नाव मागूनही ठेवता येते," सर म्हणाले. "माशी कोठून आणू?"

माश्या लगेच उडाल्या नाहीत. काठावर बसून राहिल्या, जणू बाहेर काय आहे ते बघत होत्या. काकूंनी हलकेच फुंकर घातली. मग एकेक करून त्या नळात शिरल्या आणि दिसेनाशा झाल्या. काकू रिकाम्या बादलीकडे बघत म्हणाल्या, "पोरी सासरी गेल्यासारखं वाटून राह्यलं." त्यांना मूल नव्हतं. हे मी आधी लिहिलं नाही, कारण त्या घरात ते कोणी बोलून दाखवत नसे.

त्या पावसाळ्यात देवाजीभाऊंनी आपल्या बांधांवरचं देवधान मुळासकट काढलं आणि शेजाऱ्यांनाही काढायला लावलं. गादमाशी कमी आली. ती कशामुळे, असं सरांना विचारलं तर ते अजूनही सांगत नाहीत. एका हंगामावरून काही म्हणता येत नाही म्हणे. नळ मुळांतून पुन्हा फुटला आणि दिवाळीपर्यंत मोठं बेट पहिल्यासारखं डुलू लागलं. सर मात्र तिकडे फिरकले नाहीत. छत्री खुंटीला, सुलटी. काकूंनी दोनदा सुचवलं, दोन्ही वेळा गुडघा दुखतो म्हणाले.

माझी बदली मुलचेऱ्याला झाली. सामान न्यायला मी पौषात परत आले, तेव्हा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दारात देवाजीभाऊ आले. धोतर मांडीपर्यंत ओलं, अंगाला तलावाचा गाळ. घरात यायला ते जरा बिचकले.

"सर, नळात गेलो होतो."

सरांचा घास हातातच राहिला.

"सांडव्याकडं नाई. मी जाळलं होतं त्या जाग्यावर. एका शेंड्याले गाठ हाये." देवाजीभाऊंनी अंगठा आणि बोट जवळ आणून जाडी दाखवली. "आणखी बी असतील, पण मी एवढीच पाह्यली. तोडली नाई जी. कोणी बैलाले कापून नेईल म्हणून दुपट्टा बांधून आलो."

"दाबून पाह्यली?" सरांनी ताट बाजूला सारलं.

"पाह्यली. टणक हाये." देवाजीभाऊ थांबले, आणि वर्षभरात पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "घरी हाये कोणी."

सर उठले. हात धुतले नाहीत, चप्पल घातली नाही. काकू मागून "अवो, गुडघा!" म्हणून ओरडल्या, पण तोवर ते पाळ चढले होते.